पाठमोऱ्या चौघी

धाराशिव,
१२ नोव्हेंबर २०२४

प्रिय बुद्धघोष,
सप्रेम जय भीम.

तुझे कान वीजकेंद्रातल्या टर्बाईनच्या आवाजानं गेले म्हणून तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही, याचं मला आज बरं वाटतंय. कारण आज मी फोनवर बोललो असतो तर नुसता ओरडलो असतो. पत्रात माणूस जरा सावकाश चिडतो.

आपल्या जुन्या मैदानाची रस्त्याकडची लांब भिंत तुला आठवत असेल. तिच्यावर सध्या शहराच्या क्रीडा इतिहासाचं चित्र काढणं चालू आहे. क्रीडा गौरव समिती म्हणून एक नवी समिती झाली आहे आणि तिचे अध्यक्ष आमचे मेहुणे शंकरप्पा आहेत. कुस्ती आहे, व्हॉलीबॉल आहे, आणि मधोमध, सगळ्यांत मोठं, आपलं खो-खो. चौऱ्याण्णव सालचा मुलींचा अंतिम सामना. भूकंपानंतरचं ते वर्ष. लोहाऱ्याकडची माणसं पत्र्याच्या शेडमधून टेम्पो करून सामना बघायला आली होती. घर पडलेली माणसं, पण पोरींनी गडी बाद केला की टोप्या उडवायची. तू आणि मी लिंबाखाली उभे होतो. तुझा आवाज बसला होता आणि नंतर आठवडाभर खोलीवर तू खुणा करून चहा मागायचास.

तर ते चित्र. काल गिरणी बंद करून बघायला गेलो. बघतो तर काय, मधल्या पाटीवर बसलेल्या आठच्या आठ पोरींची तोंडं रस्त्याकडं! लग्नाच्या पंगतीत बसल्यासारख्या ओळीनं, हसत. अरे, खो-खोत असं कुणी कधी बसलं आहे का? एकीचं तोंड इकडं असलं की तिच्या शेजारणीचं तिकडं पाहिजे. पहिलीतल्या पोरालाही हे ठाऊक असतं. या गावानं एवढ्या पिढ्या खो-खो खेळून काढल्या, आणि गावाच्याच भिंतीवर आठजणी एका दिशेला!

धोंडीबा हमालाला तू विसरला नसशील. लिंबाकडच्या आपल्या टोळीचा तोच आवाज. आता सत्तरीला आला आहे, पण आवाज तसाच. त्याला बोलावून आणलं. त्यानं कमरेवर हात ठेवून चित्र बघितलं आणि शिडीवरच्या पोराला विचारलं, "बाबा, ह्या पोरी खेळाय बसल्यात का एस्टीची वाट बघत्यात?"

चित्र काढणारा पोरगा उत्कर्ष नावाचा आहे, कलाशिक्षणाचा वर्ग नुकताच संपवून आलेला. बिचारा म्हणाला, "काका, समितीनं सांगितलं सगळ्यांची तोंडं दिसली पाहिजेत."

"मग फोटो काढ की त्यांचा, खो-खो कशाला काढतोस?" धोंडीबा म्हणाला.

मी रात्रभर तळमळलो. तू हसशील, पण मला हे देवळातली मूर्ती उलटी बसवावी तसं वाटलं. आज सकाळी लिंबाकडच्या जुन्या लोकांना गिरणीवर बोलावलं आहे. हे चित्र आम्ही असं राहू देणार नाही. बाकी चेहऱ्यांबद्दल मी काही म्हणत नाही. चित्रकार नवखा आहे, चेहरे जमतातच असं नाही. पण बसणं चुकायला नको.

मुलांना आशीर्वाद. थंडीत सांभाळ.

तुझा,
अप्पा (महालिंगप्पा)

❖

चंद्रपूर,
२३ नोव्हेंबर २०२४

प्रिय अप्पा,
जय मल्हार.

तुझं पत्र पाळीवर जाताना मिळालं. डबा खाताना वाचलं आणि इतका हसलो की आमचा नागपूरकडचा फिटर विचारायला लागला, कुणाचं लग्न ठरलं का. त्याला पंगतीतल्या पोरींची गोष्ट सांगितली. तो म्हणाला, एवढ्यावरून तुमच्याकडं लोक भांडतात? म्हटलं, आमच्याकडं लोक यावरूनच भांडतात.

अजिबात सोडू नकोस. पायऱ्यांकडचे लोक तुमच्या बाजूनं आहेत का? त्यांना कायम वाटायचं की खेळ आपल्यालाच जास्त कळतो. आठवतं ना, ते पायऱ्यांवर बसून आपल्याला ओरडायचे, "लिंबाखालच्या शेळ्यांनो, गप बसा!" आणि धोंडीबा म्हणायचा, "शेळ्या निदान उभ्या तरी हायत, तुमी तर रवंथ करताय."

एक मात्र विचारायचं राहिलं. सूर मारणारी कशी काढलीय? आमच्या धाकटीचं, श्रावस्तीचं, नाक नीट आलंय का? ती लहानपणापासून नाकावरून चिडायची, आणि आता गावाच्या भिंतीवर ते नाक कायमचं लागणार. शेवटच्या मिनिटाला तिनं खांबावर जो सूर मारला तो काढल्याशिवाय त्या सामन्याचं चित्र होणारच नाही. भिंतीचा एक फोटो काढून पाठव. मी तिला अजून काही कळवलेलं नाही. माकणीहून धाराशिवला तिचं येणं क्वचितच होतं. अंगणवाडीचं काम, घर, लेकीची, चैतालीची, दहावी. फोटो आला की एकदम दाखवीन. खूश होईल.

तुझा,
बुद्धघोष

❖

धाराशिव,
१५ डिसेंबर २०२४

प्रिय बुद्धघोष,
सप्रेम जय भीम.

जिंकलो!

पंधरा-वीस जण समितीच्या बैठकीत जाऊन बसलो. पायऱ्यांकडचेही आले, आयुष्यात पहिल्यांदा आमच्या शेजारी बसले. शंकरप्पा आधी म्हणाले, "पाव्हणं, तुमी घरचेच, तुमीच असं मोर्चा घेऊन आलं तर कसं?" मी म्हटलं, "घरचा म्हणूनच आलो. बाहेरचे आले असते तर भिंत फोडली असती." सगळे हसले. मग एकजण म्हणाला, चित्र आहे, कल्पना आहे, तुम्ही एवढं काय धरून बसता. तेव्हा मात्र मी उभा राहिलो. म्हटलं, उद्या तुम्ही कुस्तीत तीन पैलवान दाखवाल, तीही कल्पनाच का? ज्या खेळानं या गावाला नाव दिलं तो खेळ तरी खरा दाखवा. बोलण्याची सवय नाही मला. पण बोललो.

शेवटी त्यांनी ऐकलं. एकाआड एक पोर पाठमोरी करायचं ठरलं. कुठल्या चौघींना वळवायचं ते समितीनं बघितलं, आम्ही त्यात पडलो नाही. आमचं म्हणणं फक्त बसण्याचं होतं. उत्कर्षनं आठवड्यात काम उरकलं. आता लांबून बघितलं तरी कळतं की हे खो-खो आहे. धोंडीबा रोज संध्याकाळी जाऊन समोरच्या कठड्यावर बसतो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो, "आमी वळवल्या."

अणदूरला मल्हारीच्या यात्रेला जाऊन आलो. देव आता नळदुर्गाला गेला. एवढा मोठा देव, पण एका गावात कायम बसून राहत नाही. वेळ झाली की उठतो, दुसऱ्या गावाला जाऊन बसतो, आणि दोन्ही गावं शब्द पाळतात. मला ते दरवर्षी बघून बरं वाटतं. भंडारा पाकिटात थोडा घातला आहे, तुझ्या मुलांना लाव, नको असेल तर ठेवून दे.

नाकाचं म्हणशील तर मी मागंच लिहिलं होतं, पोरगा नवखा आहे. फोटो पाठवतो. सध्या रंग ओला आहे आणि भिंतीवर ऊन असं पडतं की नीट येत नाही.

फेब्रुवारीत चित्राचा अर्पण सोहळा आहे. तेव्हा रजा काढता आली तर बघ. नाही आली तरी हरकत नाही, लांबचा प्रवास आहे.

तुझा,
अप्पा

❖

चंद्रपूर,
९ जानेवारी २०२५

अप्पा,

तुझ्या फोटोची वाट बघून मीच श्रावस्तीला कळवलं. म्हटलं, तू भिंतीवर आहेस, जाऊन बघून ये. अंगणवाडीची काही बैठक होती धाराशिवला. चैतालीला घेऊन गेली. घरी आल्यावर तिनं चैतालीकडून मला लिहवून पाठवलं. ते सगळं इथं उतरवत नाही, एवढंच सांगतो.

चैतालीनं विचारलं, "आई, ह्यातली तू कुठली?"

श्रावस्ती बराच वेळ शोधत होती. सूर मारणारीकडं बघितलं. ते तोंड तिचं नव्हतं. मग बसलेल्या आठजणींकडं बघितलं. चार तोंडं ओळखीची होती, त्यांत ती नव्हती. मग पाठी. एका पाठीवर वेणी आणि पांढरी रिबीन. तिनं बोट दाखवलं, "ती बघ. ती मी."

"पण तुझं तोंड कुठंय?"

तेवढ्यात दोन पोरं मोबाईल घेऊन आली आणि म्हणाली, मावशी, जरा बाजूला व्हा, फोटो काढायचाय.

ती बाजूला झाली.

अप्पा, मी तुला आता विचारतो, आणि पोराच्या नवखेपणाच्या आड लपू नकोस. सूर मारणारीचं तोंड राजेश्वरीबाईंचं आहे की नाही? शंकरप्पांच्या बायकोचं? त्या अंतिम सामन्यात त्या राखीव होत्या. मैदानात पाय ठेवला नाही. बाकावर पाण्याची कळशी घेऊन बसल्या होत्या, तू आणि मीच त्यांच्या मागं उभे होतो. त्यांचा दोष नाही, कुणीतरी राखीव असतंच. पण तो सूर मारताना उजवा कोपर मोडला तो कुणाचा? धाराशिवच्या दवाखान्यात रात्रभर तिच्या उशाशी तू आणि मी होतो. चित्रातल्या सुराला राजेश्वरीबाईंचं तोंड लावलं, पण मोडलेला कोपर माकणीत आहे. अजून सरळ होत नाही. फळ्यावर लिहिताना ती हात खांद्यातून उचलते.

आणि तुला हे बारा नोव्हेंबरलाच दिसलं होतं. "चेहऱ्यांबद्दल मी काही म्हणत नाही." मी ते वाक्य तेव्हा वाचून सोडून दिलं. आता परत वाचलं. तू म्हणत नव्हतास, कारण म्हणायचं झालं असतं तर मेहुण्याला म्हणावं लागलं असतं.

पहिल्या चित्रात निदान आठजणींत तरी तिचं तोंड होतं. चुकीचं बसलेलं, पण होतं. तुम्ही जाऊन भांडलात, खेळाची इज्जत राखलीत, आणि चौघींची तोंडं पुसायला लावलीत. कुठल्या चौघी, ते तू "त्यात पडलो नाही" म्हणून लिहिलंस. मी चैतालीकडून विचारून घेतलं. ज्या चौघींच्या घरचं समितीत कुणी नाही, ज्यांच्या घरचं कुणी नगरसेवक नाही, संस्थाचालक नाही, त्या चौघी पाठमोऱ्या. समितीला निवडायला काही त्रास पडला नसेल. आमच्या घराला तर पाठ दाखवायची सवय जुनी आहे, असं लोकांना वाटतं.

तुम्हा लिंबाकडच्यांना बसण्याची दिशा चुकलेली एका नजरेत दिसते. माणूस चुकलेलं दिसत नाही.

भंडारा मिळाला. डबीत ठेवला आहे.

बुद्धघोष

❖

धाराशिव,
२१ जानेवारी २०२५

प्रिय बुद्धघोष,
जय भीम.

तू वर "जय मल्हार" लिहिलं नाहीस. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा. बाकीचं पत्र मी नंतर वाचलं, आधी तेवढंच बघत बसलो.

तू लिहिलंस ते खरं आहे. सकाळी पूजेला बसतो तेव्हा तळहातावर इष्टलिंग घेतलं की नजर तिथं ठरायला पाहिजे. दोन दिवस ठरेना. तिसऱ्या दिवशी पूजा आटोपली आणि तसाच शंकरप्पांच्या घरी गेलो. काय झालं ते जसंच्या तसं लिहितो.

मी म्हटलं, "सूर मारणारी श्रावस्ती होती."

ते म्हणाले, "पाव्हणं, तीस वर्सं झाली. कुनाच्या ध्यानात हाय आता?"

"माझ्या आहे. धोंडीबाच्या आहे. तुम्ही तेव्हा सोलापूरला होता, तुमच्या नसेल."

"मग पयल्यांदा आला तवा का बोल्ला न्हाई? तवा तर नुस्तं पोरी वळवा, पोरी वळवा. वळवल्या की! आता आनि काय वळवायचं?"

बुद्धघोष, हा बाण बरोबर लागला. एवढ्यात राजेश्वरीवहिनी चहा घेऊन बाहेर आल्या. ट्रे खाली ठेवला आणि उभ्याच राहिल्या. म्हणाल्या, "दाजी, मी कळशी घेऊन बसले होते. माझ्या बी ध्यानात हाय. मी ह्यांना पहिल्याच दिवशी म्हणलं होतं."

"तू आत जा," शंकरप्पा म्हणाले.

त्या गेल्या, पण सावकाश गेल्या.

मग शंकरप्पा जरा खालच्या आवाजात आले. म्हणाले, रस्त्याकडचं चित्र आता बदलता येत नाही, पत्रिका छापल्या, पाहुणे ठरले. पण भिंतीच्या आतल्या बाजूला, मैदानाकडून, त्या चौघींचं काढू. खेळ तिकडून बघितला की पाठमोऱ्यांची तोंडं दिसतातच की. तुमचं लिंब तर तिकडंच आहे.

मला ते क्षणभर पटलं, हे तुझ्यापासून लपवत नाही. आपण आयुष्यभर खेळ लिंबाकडूनच बघितला. तिकडून मला श्रावस्तीचं तोंड कायम समोर दिसायचं, आणि पायऱ्यांकडच्यांना तिची पाठ. म्हणून म्हटलं, विचारून सांगतो.

घरी आलो तर उमाला सगळं आधीच कळलं होतं. म्हणाली, "एका भिंतीपायी माझं माहेर तोडू नका." मी म्हटलं, "भिंतीपायी नाही." तिनं विचारलं, "मग कशापायी?"

तू काय म्हणतोस? श्रावस्ती काय म्हणते?

तुझा,
अप्पा

❖

चंद्रपूर,
२८ जानेवारी २०२५

अप्पा,

श्रावस्तीचं उत्तर चैतालीच्या अक्षरात आलं, तसंच देतो:

"दादा, अप्पादादांना सांग, रस्त्यावर पाठ आणि मागच्या बाजूनं तोंड, हे आपल्या आज्यापर्यंत चाललं. माझ्यापर्यंत आणू नका. काढायचं तर जिथं मी सूर मारला तिथं काढा. नाहीतर ती पाठ बी पुसा. मी न दिसता मोठी झालेच आहे."

यावर माझं वेगळं काही म्हणणं नाही.

बुद्धघोष

❖

धाराशिव,
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय बुद्धघोष,
सप्रेम जय भीम.

काल अर्पण सोहळा झाला. तुला सगळं कळायला पाहिजे, आणि माझ्याकडूनच, म्हणून उजवा गुडघा शेकत शेकत लिहितो आहे. गुडघ्याचं पुढं येईल.

श्रावस्तीचं उत्तर मी समितीला सांगितलं. समिती म्हणाली, आता वेळ गेली. लिंबाकडची माणसं गिरणीवर जमली. कुणी म्हणालं, सोहळ्यावर बहिष्कार टाकू. धोंडीबा म्हणाला, "आपून गेलो न्हाई तर त्यास्नी लई बरं हुईल. खुर्च्या उरतील म्हणून दुसरी बसवतील. जायाचं. पुढंच बसायचं. पर पाठ करून."

कुणीतरी चेष्टेनं विचारलं, "एकाआड एक का?"

"न्हाय," धोंडीबा म्हणाला. "आज समद्यांची पाठ."

मंडप मैदानातच होता, भिंतीलगत. आम्ही लवकर गेलो आणि खुर्च्यांच्या पुढं, मंचासमोरच्या मातीत ओळीनं बसलो. खो-खोत बसतात तसं, उकिडवं, हात जमिनीवर टेकून. मंचाकडं पाठ. पस्तीस-चाळीस जण असू. निम्म्यांचे गुडघे तडतड वाजले. पायऱ्यांकडचेही आले होते, आणि तुला पटणार नाही, पण तेही वळून बसले.

पाहुणे बाहेरगावचे. त्यांना काही ठाऊक नाही. बोलायला उभे राहिले आणि थांबले. "समोरच्या बंधूंना विनंती, जरा इकडं तोंड करा."

धोंडीबा मागं न बघता ओरडला, "समितीनंच असं बसवलंय सायेब! आमच्या घरचं कुनी समितीत न्हाई!"

समोरच्या खुर्च्यांवर आधी हसू पिकलं आणि मग ओसरलं. आम्ही त्या लोकांकडं तोंड करून बसलो होतो, म्हणून मला सगळं दिसत होतं. काही माणसांच्या चेहऱ्यावर मला ते कळताना दिसलं. शंकरप्पा मागून माईकवर म्हणत होते, "हे आपलेच लोक आहेत, जरा खेळकर आहेत." माझ्या पाठीला त्यांचा आवाज लागत होता. मेहुणा म्हणून एवढी वर्षं ज्याच्या पंगतीला बसलो, त्याला मी पाठ दाखवून बसलो होतो. मी मनात देवाचं नाव घेत होतो, म्हणजे आपोआपच येत होतं. पण बुद्धघोष, अजूनही मी बोललो नव्हतो. पाठ करून बसणंही एक प्रकारे गप्पच बसणं असतं.

पाहुण्यांनी भाषण सुरू केलं. आमच्या पाठींना उद्देशून या मातीचा इतिहास सांगितला. तेवढ्यात समोरच्या खुर्च्यांमधली माणसं माझ्या मागं काहीतरी बघायला लागली. मंचाच्या बाजूनं कुणीतरी येत होतं. मला वळून बघता येईना, वळलो असतो तर खेळ मोडला असता.

आणि माझ्या पाठीवर थाप बसली. अशी बसली की खांद्याच्या दोन्ही फऱ्यांमध्ये चटका उठला.

"खो!"

श्रावस्तीचा तो खो तीस वर्षांनी ऐकला. उंच, शेवटी तुटलेला.

मी उठलो. ठरवून नाही. आपल्यासारख्यानं जन्मभर नुसतं बघितलेलं असतं, खेळलेलं नसतं, पण अंगाला सगळं ठाऊक असतं. उठलो आणि डावीकडं पळालो, भिंतीच्या दिशेनं. धोतर असतं तर सुटलं असतं, पँट होती म्हणून वाचलो. मागं धोंडीबाचा आवाज, "अप्पाऽ, पळ! पळ रं!" आणि मग एकापाठोपाठ एक, खो, खो, खो. म्हातारी माणसं एकमेकांच्या पाठीवर थापा मारत उठत होती.

भिंतीच्या टोकाशी फाटक आहे. त्यातून रस्त्यावर गेलो, चित्रासमोर. तिथं हार घातलेला पडदा होता, अजून उघडायचा. तो मी ओढला. मला कुणी सांगितलं नव्हतं, पाहुण्यांच्या हस्ते होता तो. सूर मारणारीच्या चित्रासमोर उभा राहिलो. धाप एवढी लागली होती की शब्द फुटेना. तोवर सगळी माणसं बाहेर आली. श्रावस्तीही आली; ती येणार हे मला ठाऊक नव्हतं. साधी निळी साडी, खांद्याला पिशवी, उजवा हात कोपरात वाकलेला. चैताली तिच्या शेजारी.

मी म्हटलं, "हा सूर श्रावस्तीचा आहे. ही राजेश्वरीवहिनी नव्हे. मी तिथं होतो. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. हा सूर श्रावस्तीचा आहे."

माईक नव्हता. तरी शेवटच्या माणसापर्यंत गेलं असावं, कारण फाटकाजवळची माणसंही टाचा उंचावून चित्र बघायला लागली.

वहिनी मंचावरून उतरून आल्या होत्या. त्यांच्या अंगावर सत्काराची शाल होती. ती त्यांनी काढली, घडी घातली, आणि समोरच्या कठड्यावर ठेवून घरी निघून गेल्या. श्रावस्तीला देतील असं मला वाटलं होतं. दिली नाही. ते बरंच झालं. श्रावस्तीनं घेतलीही नसती.

शंकरप्पा मला एवढंच म्हणाले, "पाव्हणं, आता आमच्या उंबऱ्याला येऊ नका." उमा कालपासून माझ्याशी बोललेली नाही. पण आज दुपारी तिनं न विचारता गुडघ्याला तेल लावलं, आणि लावताना म्हणाली, "लई पळला म्हणं." पुढं काही नाही.

श्रावस्तीला मी एस्टीपर्यंत सोडायला गेलो. वाटेत तिची पिशवी मी घेतली. तीच म्हणाली, "अप्पादादा, तुमी लई लवकर उठता. खो द्यायच्या आदीच पाठ उचलत व्हता. पंच असता तर फाऊल दिला असता." आणि हसली. नाक अजून तसंच आहे.

समितीनं बैठक बोलावली आहे. चित्र बदलायचं की नाही ते ठरवणार म्हणे. उत्कर्ष सकाळी गिरणीवर आला होता. म्हणाला, "काका, त्यांचा त्या वयातला एखादा फोटो मिळेल का?" मी म्हटलं, "फोटो कशाला, माणूस माकणीला आहे. जाऊन बघ. आधी कोपर बघ, मग तोंड." तो माकणीची गाडी विचारून गेला. समितीचं काय होईल ते मला ठाऊक नाही. शंकरप्पांची माणसं गिरणीवर येणं बंद झाली आहेत, आणि दोघातिघांनी मला समजावलं, झालं ते खूप झालं, आता बैठकीत जाऊन ताणू नका, घरातलं बघा.

मी विचार करतो आहे.

तुझा,
अप्पा

❖

चंद्रपूर,
२४ फेब्रुवारी २०२५

प्रिय अप्पा,
जय मल्हार.

तुझं पत्र तीनदा वाचलं. मग आमच्या फिटरला वाचून दाखवलं. तो म्हणाला, आता मला कळलं तुमच्याकडं लोक कशावरून भांडतात.

रजा मंजूर झाली आहे. बैठकीच्या आदल्या दिवशी पोचतो. कान साथ देणार नाहीत, पण मी ऐकायला येत नाही, तुझ्या शेजारी बसायला येतो. धोंडीबाला सांग, माझी जागा धरून ठेव.

उमावहिनींना माझा नमस्कार. त्यांचं माहेर तुटू नये असं मलाही मनापासून वाटतं. शंकरप्पांना वाटलं पाहिजे, त्यांच्या हातात आहे ते.

आणि तू विचार करतो आहेस असं लिहिलंस, म्हणून एक आठवण करून देतो. नियम तूच मला लिंबाखाली समजावला होतास, मला तेव्हा खो-खोतलं काही कळत नव्हतं. बसलेला आहे तोवर माणूस दोन्हीकडं बघू शकतो. पण पाठीवर खो बसला, उठला, आणि एका बाजूला पाऊल टाकलं, की मग दिशा बदलता येत नाही.

तू पाऊल टाकलं आहेस, अप्पा. आता खांब येईपर्यंत वळायचं नाही.

तुझा,
बुद्धघोष